हुकूम सुटला, पुढे काय झालं?

टेबलावरच्या पॉवर सप्लायला संगणकावरून ‘व्होल्ट ५’ अशी कमांड गेली की तो ती मुकाट्याने घेतो. ‘झालं’ म्हणत नाही, ‘जमणार नाही’ असंही म्हणत नाही. मागोमाग ‘आउटपुट ऑन’ पाठवलं की टर्मिनलवर वीज येते. आता समजा, करंट लिमिट १ अँपिअरवर ठेवलंय आणि टर्मिनलला २ ओहमचा रेझिस्टर जोडलाय. ५ व्होल्ट टिकवायचे तर अडीच अँपिअर द्यावे लागतील. सप्लाय १ अँपिअरच्या पुढे हलत नाही आणि व्होल्टेज घसरून २ वर येऊन थांबतं. या अवस्थेत त्याला ‘व्होल्ट?’ असं विचारा, उत्तर येईल ५. ‘मेझर व्होल्ट?’ असं विचारा, उत्तर येईल २.

यंत्र खोटं बोललेलं नाही. पहिल्या प्रश्नाला त्याने ‘तुम्ही काय सांगितलं होतं’ ते सांगितलं, दुसऱ्याला ‘प्रत्यक्षात काय आहे’ ते. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि यंत्राने ते वेगळेच ठेवले पाहिजेत, ही शिस्त प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या अंगवळणी पडून पस्तीस वर्षं होत आली. तीही लपूनछपून नाही: कोणती कमांड काय करते, कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे सगळं मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं आणि मॅन्युअल कोणालाही वाचता येतं. सरकारी अनुदानावर आज घराच्या छतावर चढणाऱ्या आणि भिंतीवर बसणाऱ्या यंत्रांकडून मात्र आपण एवढीही अपेक्षा ठेवत नाही. ती ठेवायला हवी.

दिलेला हुकूम आणि घडलेली गोष्ट यांची गल्लत केल्याची किंमत जगाने मोजलेली आहे. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात, दुसऱ्या अणुभट्टीच्या वाफ तयार करणाऱ्या यंत्रणेला पाणी पुरवणारे पंप बंद पडले. दाब वाढला. तो सोडण्यासाठी रिलीफ व्हॉल्व्ह उघडला. दाब उतरल्यावर तो मिटायला हवा होता, पण अडकून उघडाच राहिला. नियंत्रण कक्षातल्या पॅनेलवरचा दिवा मात्र विझला आणि ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद झाला असं धरून चालायला सुरुवात केली. तो दिवा व्हॉल्व्हची जागा पाहतच नव्हता. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या सोलेनॉइडला वीज जाते आहे की नाही, एवढंच त्याला कळत होतं. बंद होण्याचा हुकूम सुटला होता, त्या दिव्याचं म्हणणं तेवढंच. दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी त्या वाटेने निघून जात राहिलं. अखेर त्याच वाटेवरचा दुसरा व्हॉल्व्ह बंद केला गेला, तोवर फार उशीर झाला होता. भट्टीचा निम्म्याच्या आसपास गाभा वितळला.

अपघाताला आणखीही कारणं होती. भट्टीत पाणी जास्त झालंय असं दुसरं एक मापक सुचवत होतं, म्हणून आपत्कालीन पाण्याचा ओघ माणसांनीच कमी केला. पण त्या दिव्याची गोष्ट वेगळी काढून पाहण्यासारखी आहे. दिवा ‘व्होल्ट?’चं उत्तर देत होता आणि समोर बसलेली अनुभवी माणसं ते ‘मेझर व्होल्ट?’चं उत्तर समजत होती.

पॉवर सप्लायसारख्या साध्या डब्याला ही शिस्त लागली ती गरजेपोटी. १९६० च्या दशकात मापनाची उपकरणं एकमेकांशी आणि संगणकाशी जोडायची म्हणजे प्रत्येक वेळी नवी वायरिंग. एचपी कंपनीने त्यासाठी एक समान बस तयार केली आणि १९७५ मध्ये ती ‘आयईईई ४८८’ या नावाने मानक झाली. २४ पिनांचा, एकावर एक बसवता येणारा जाडजूड कनेक्टर, एका बसवर जास्तीत जास्त १५ उपकरणं, एकूण २० मीटर केबल. जुन्या लॅबमधल्या लोकांना त्या कनेक्टरचं वजन अजून आठवत असेल. पण तार एक झाली तरी भाषा एक झाली नाही. एका कंपनीच्या मीटरला एक अक्षर कळे, दुसऱ्याला दुसरंच. १९८७ च्या ‘४८८.२’ने सगळ्यांना लागू पडणाऱ्या मोजक्या कमांड आणि स्टेटस रजिस्टरची रचना ठरवून दिली. १९९० मध्ये एचपी, टेक्ट्रॉनिक्स यांच्यासारख्या एकमेकींच्या पक्क्या स्पर्धक कंपन्यांनी मिळून त्यावर एससीपीआय ही भाषा रचली. बोलताना तिला ‘स्किपी’ म्हणतात. पुढे एचपीचा मापन-उपकरणांचा व्यवसाय १९९९ मध्ये एजिलंट झाला, २०१४ मध्ये कीसाइट. दारावरची पाटी दोनदा बदलली, ‘व्होल्ट ५’ तेच राहिलं.

या भाषेचं कौतुक होतं ते तिच्या सोप्या कमांडमुळे. खरी हुशारी मात्र दुसऱ्या अर्ध्या भागात आहे, जो फारसं कोणी वाचत नाही: स्टेटस रजिस्टर.

कमांड चुकली तर सप्लाय ओरडत नाही. तो आपल्यापाशी नोंद ठेवतो आणि विचारण्याची वाट पाहतो. ‘*ईएसआर?’ असं विचारलं की एक आकडा येतो, समजा ४८. हा आकडा म्हणजे बेरीज आहे: ३२ अधिक १६. ३२ चा अर्थ, कमांड कळलीच नाही. १६ चा अर्थ, कळली पण पाळता येण्यासारखी नव्हती. ३० व्होल्टच्या सप्लायकडे ५०० व्होल्ट मागितले, असं काहीतरी. ८ आला असता तर अडचण यंत्राच्या स्वतःच्या पोटात आहे. ४ आला असता तर विचारणाऱ्याने शिष्टाचार मोडला, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर न घेताच पुढचा प्रश्न टाकला. आणखी खोलात जायचं तर ‘सिस्टिम एरर?’ विचारावं. रांगेतली सर्वांत जुनी चूक आधी येते, क्रमांकासकट: उणे ११३ म्हणजे अनोळखी कमांड, उणे २२२ म्हणजे मर्यादेबाहेरची किंमत. रांग संपली की ‘०, नो एरर’. तुझं बोलणं कळलं नाही, कळलं पण जमणार नाही, माझंच बिघडलंय, तूच गोंधळ घातलास – चूक कोणाची हे इतक्या नेमकेपणाने वेगळं करणारी यंत्रणा माणसांच्या कारभारात शोधून सापडायची नाही. अर्जावर नुसता ‘त्रुटी’ असा शेरा मारून तो परत धाडणाऱ्या ऑनलाइन पोर्टलांनी निदान एवढं तरी उचलावं.

याच रजिस्टरमधला सर्वांत वरचा बिट १२८ चा. मागच्या वेळी विचारल्यापासून वीज जाऊन पुन्हा आली असेल तर तो उभा राहतो. आपल्याकडे याचं मोल सांगायला नको. एखाद्या कारखान्यात मोटारीच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरची ४८ तासांची सलग चाचणी लावली आहे, संगणकाला यूपीएस आहे, सप्लायला नाही. रात्री अडीचला वीज अर्ध्या मिनिटासाठी जाते. चालू झाल्यावर मागच्या सेटिंगवर परत यायचं, असं सप्लायला सांगून ठेवलेलं आहे. संगणक दर दहा मिनिटांनी वाचन घेतो. अर्धं मिनिट त्या फटीत सहज हरवतं. सकाळी फाइल उघडली की ओळीने १२ व्होल्ट, १२ व्होल्ट, १२ व्होल्ट. ‘४८ तास सलग’ असा शेरा मारून माल पुढे जातो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने प्रत्येक वाचनासोबत ‘*ईएसआर?’ विचारलं असतं, तर अडीचनंतरच्या ओळीत १२८ दिसला असता. माहिती सप्लायपाशी होती, ती मागितली गेली नाही.

मागायचीही एक रीत आहे. यंत्राची क्षणोक्षणीची अवस्था एका रजिस्टरमध्ये असते, घडून गेलेल्या घटना दुसऱ्यात. पहिलं दर क्षणी बदलतं. दुसरं चिकट असतं: एखादा सप्लाय दोन मिलिसेकंदांसाठी करंट लिमिटवर गेला आणि सावरला, तरी तो बिट कोणी वाचेपर्यंत उभा राहतो. वाचला की पुसला जातो. त्यामुळे एकाच सप्लायला दोन प्रोग्राम विचारत असतील तर पहिल्याला बातमी मिळते आणि दुसऱ्याला ‘सगळं ठीक’. अशा भुताटकीच्या मागे लागून दिवस घालवलेले इंजिनिअर पुणे-पिंपरी-चाकण पट्ट्यात सापडायला हरकत नाही. तिथे स्टार्टर फिरताना बॅटरीचं व्होल्टेज काही क्षण कसं कोसळतं, याची नक्कल अशाच प्रोग्रामेबल सप्लायवर करतात, आणि त्या कोसळण्यात कंट्रोलर टिकतो का हे पाहतात. सप्लायच मध्ये लिमिटवर गेला असेल तर चाचणी कोणाची झाली, हे चिकट बिटाशिवाय कळणार नाही.

मोजलेल्या आकड्यालाही डोळे झाकून मान देता येत नाही. जाण्यायेण्याच्या तारांचा मिळून रोध ०.०५ ओहम असेल आणि १० अँपिअर वाहत असतील, तर अर्धा व्होल्ट तारांतच संपतो. सप्लायच्या तोंडाशी ५, लोडपाशी साडेचार. म्हणून चांगल्या सप्लायला दोन बारीक सेन्स वायर जादा असतात. त्या लोडपर्यंत नेल्या की तिथलं व्होल्टेज मोजून सप्लाय आपलं सावरून घेतो. ‘मोजलं’ म्हणणाऱ्याला ‘कुठे?’ हा पुढचा प्रश्न विचारायचा असतो. आपल्या महाविद्यालयांतल्या प्रात्यक्षिकांत नॉब फिरवून वाचन घेणं शिकवतात. हा प्रश्न आणि सप्लायच्या पाठीमागचं पोर्ट बहुतेक वेळा धूळ खात असतं.

आणखी एक बारकावा. मोजलेली किंमत मर्यादेबाहेर गेली किंवा आकडाच नसेल तर स्किपी काय परत पाठवते? ९.९ गुणिले १० चा ३७ वा घात म्हणजे ‘अनंत’, आणि ९.९१ गुणिले १० चा ३७ वा घात म्हणजे ‘हा आकडाच नाही’. इतकी अचाट संख्या की कुठल्याही खऱ्या व्होल्टेजशी तिची गफलत होणं शक्य नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपच्या एरियान ५ या रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात नेमकं उलट झालं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर कोलमडलं आणि तिने आपल्या बिघाडाची माहिती मुख्य संगणकाकडे धाडली. संगणकाने ती उड्डाणाची खरी आकडेवारी समजून नोझल वळवले. रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभरही टिकलं नाही. ‘मी आजारी आहे’ हे सांगायला वेगळी वाट ठेवली नाही, की आजाराचं वर्णन हुकूम म्हणून पाळलं जातं.

स्किपी म्हणजे सर्वगुणसंपन्न, असं मुळीच नाही. दोन कंपन्यांचे सप्लाय ती बोलतात, पण बोलीभाषा वेगवेगळ्या. एका मॉडेलसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर हात फिरवल्याशिवाय क्वचितच चालतो. स्वस्तातले काही सप्लाय कमांड घेतात आणि चूक झाली तरी रांग रिकामीच दाखवतात. सुरक्षेच्या बाबतीत तर आनंदच. नेटवर्कवर अशी उपकरणं बहुधा ५०२५ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसलेली असतात आणि पूर्वापार तिथे पासवर्ड नाही. जो आत आला तो मालक. लॅबच्या बंद दाराआड हे खपलं. गावभर पसरलेल्या यंत्रांना ते चालणार नाही, ही शंका रास्त आहे आणि तिच्याकडे पुन्हा यावं लागेल.

तरीही तुलना करून पाहावी. १९९० च्या दशकातला सप्लाय आज जुन्या बाजारातून आणला, मॅन्युअल शोधलं आणि योग्य केबल लावली, तर तो ‘*आयडीएन?’ला आपली कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअरची आवृत्ती मुकाट सांगतो. बनवणाऱ्या कंपनीची परवानगी लागत नाही, तिचा सर्व्हर लागत नाही. रिव्हॉल्व्ह नावाच्या घरगुती स्मार्ट हबची गोष्ट याच्या शेजारी ठेवावी. गुगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी २०१४ मध्ये घेतली आणि मे २०१६ मध्ये तिची सेवा बंद केली. लोकांनी पैसे मोजून घेतलेला धडधाकट डबा एका दिवशी निकामी झाला. त्याच्याशी बोलायची भाषा फक्त त्या सर्व्हरला येत होती.

आता छतावर या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य १ कोटी घरांचं आहे आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सौर संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. या संचाचा मेंदू म्हणजे इन्व्हर्टर. दुपारी ऊन रखरखीत असताना तो मध्येच बंद पडतो, थोड्या वेळाने चालू होतो, महिन्याअखेर युनिट कमी भरतात. कारणं दोन असू शकतात: इन्व्हर्टरच नादुरुस्त आहे, किंवा लाइनचं व्होल्टेज मर्यादेबाहेर चढल्याने तो नियमाप्रमाणे स्वतःला तोडून घेतो आहे. पहिल्यात दोष कंपनीचा, दुसऱ्यात वितरणाचा. घरमालकाच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये त्या वेळी दिसतो एक आलेख आणि एक चिन्ह. कंपनीचा माणूस लाइनकडे बोट दाखवतो, लाइनमन इन्व्हर्टरकडे. निवाडा करणारी नोंद इन्व्हर्टरच्या रजिस्टरमध्ये असते, पण ती वाचायचा नकाशा कंपनीपाशी.

हे असंच असायला हवं, असं काही नाही. बऱ्याच इन्व्हर्टरांना मॉडबस ही भाषा येते. ती १९७९ ची, म्हणजे थ्री माइल आयलंडच्याच वर्षातली. कोणत्या रजिस्टरमध्ये काय ठेवायचं याचा सनस्पेक नावाचा समान, छापील नकाशाही आहे. अमेरिकेत आयईईई १५४७ या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीने ग्रिडला जोडल्या जाणाऱ्या अशा यंत्रांना ठरावीक खुल्या भाषांपैकी एक येणं आणि ती बोलायला यंत्रावरच पोर्ट असणं बंधनकारक केलं. भारतात अनुदानाच्या अटींत एक ओळ वाढवायची आहे: इन्व्हर्टरचा रजिस्टर नकाशा आणि बिघाडांचे क्रमांक जाहीर असतील, आणि ते इंटरनेटशिवाय जागेवर वाचता येतील. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं निवडली होती. सुटे भाग आणि मॅन्युअल मिळावं, हा तिथला आग्रह योग्यच. पण मॅन्युअलमध्ये कमांड आणि स्टेटसचं प्रकरण नसेल तर गल्लीतल्या मिस्त्रीच्या हाती त्यातून फार काही लागणार नाही.

‘सामान्य माणसाला हे आकडे काय करायचेत?’ हा आक्षेप नेहमीचा. आकडे त्याच्यासाठी नाहीतच. ते त्याने बोलावलेल्या तंत्रज्ञासाठी, ग्राहक आयोगापुढे उभ्या राहणाऱ्या वकिलासाठी आहेत. दुसरा आक्षेप सुरक्षेचा, मघाशी टाळलेला. खुली भाषा म्हणजे कोणीही येऊन यंत्र बंद करेल, ही भीती वाचण्याच्या आणि बदलण्याच्या हक्काची गल्लत करते. स्टेटस वाचू देणं आणि आउटपुट बंद करू देणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना वेगळी कुलपं लावता येतात.

ती लावलेलीही आहेत, आणि तीही आपल्याच घरात. महाराष्ट्रात ज्यांच्यावरून इतका वाद झाला त्या नव्या स्मार्ट वीजमीटरांनी काय बोलायचं, हे आयएस १५९५९ हे भारतीय मानक ठरवतं. त्यात घटनांची लांबलचक यादी आहे. मीटरचं झाकण उघडलं, चुंबक जवळ आणलं, न्यूट्रलशी छेडछाड झाली, या ग्राहकाच्या संशयास्पद गोष्टी मीटर वेळेसकट लिहून ठेवतो. पण त्याच यादीत वीज गेली, व्होल्टेज कमी झालं, जास्त झालं, याही नोंदी आहेत. पहिल्या प्रकारच्या नोंदीवरून ग्राहकाला नोटीस येते. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी ग्राहकाला आपणहून कोणी दाखवत नाही, जरी वीज नियामक आयोगाच्या नियमांत सेवा ढासळल्यास भरपाईची तरतूद असली तरी. मानकाने मीटरशी बोलणाऱ्यांचे तीन दर्जे केले आहेत: जेमतेम ओळख विचारू शकणारा, नोंदी वाचणारा, आणि सेटिंग बदलणारा, वाचणाऱ्याला आणि बदलणाऱ्याला वेगळी किल्ली. ग्राहकाला त्याच्या स्वतःच्या मीटरपुरती मधल्या दर्जाची किल्ली द्यायला मीटर बदलावा लागत नाही. लागतो तो वितरण कंपनीचा एक निर्णय, आणि सगळ्या मीटरांना एकच पासवर्ड न ठेवता प्रत्येकाची किल्ली वेगळी सांभाळण्याची तयारी.